चार मीटरची रेघ

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन डिझायर शेजारीशेजारी उभ्या असतात. एक २०१० ची, दुसरी २०१३ ची. कंपनी तीच, नाव तेच, समोरून बघितलं तर तोंडवळाही बराचसा तोच. मागे जाऊन बघितलं की मात्र फरक डोळ्यांत भरतो. जुन्या गाडीची डिकी ऐसपैस मागे गेलेली, नवीची मागच्या काचेखाली आखूडच आटोपलेली. जुनी गाडी ४१६० मिलिमीटर लांब आहे, नवी ३९९५. डिकीत आधी ४४० लिटर जागा होती, ती ३१६ वर आली. म्हणजे कंपनीनं साडेसोळा सेंटिमीटर गाडी मागून कापली.

कुठल्याही गिऱ्हाइकानं शोरूममध्ये जाऊन ‘डिकी लहान करा’ असं सांगितलं नव्हतं. उलट डिकी हवी म्हणूनच लोक स्विफ्ट सोडून डिझायर घेत होते. मग ती कापली का?

गाड्यांच्या बाजाराबद्दल आपल्याकडे भरपूर मतं ऐकायला मिळतात. ‘कंपन्यांना लोकांची नाडीच कळत नाही’, ‘लोकांना आता एसयूव्हीशिवाय काही नको’, ‘फोर्डसारखी चांगली कंपनी उगाच गेली’. यातली काही खरीही आहेत. पण या सगळ्या निर्णयांच्या तळाशी काही साधी गणितं असतात आणि ती कुणी नीट उलगडून सांगत नाही. माझं मत असं की आपल्यासमोर जी गाडी येते तिचा बराचसा आकार करानं, इंधनाच्या दरानं आणि कारखान्याच्या खर्चानं आधीच ठरवलेला असतो. आपली आवडनिवड त्यानंतर सुरू होते.

आधी त्या डिकीचं बघू. २००६ च्या अर्थसंकल्पात तेव्हाचे अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी लहान गाडीची व्याख्या केली. लांबी ४००० मिलिमीटरपर्यंत, इंजिन पेट्रोलचं असेल तर १२०० सीसीपर्यंत आणि डिझेलचं असेल तर १५०० सीसीपर्यंत. यात बसणाऱ्या गाडीचा अबकारी कर २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणला. हेतू चांगला होता. भारतानं लहान, कमी इंधन पिणाऱ्या गाड्यांचं जगातलं मोठं केंद्र व्हावं, असा तो विचार होता.

पण कराची रेघ ओढली की रेघेच्या अलीकडे गर्दी होते. २००८ मध्ये टाटांनी आपली इंडिगो आखूड करून ‘इंडिगो सीएस’ आणली, लांबी ३९८८. मारुतीनं २०१२ मध्ये डिझायर कापली. फोर्डची इकोस्पोर्ट २०१३ मध्ये आली ती ३९९९ वर, रेघेपासून एक मिलिमीटर अलीकडे. तुमच्या गाडीचं आरसी बुक काढून इंजिनाची क्षमता बघा. लहान पेट्रोल गाडी असेल तर बहुतेक ११९७ किंवा ११९९ सीसी दिसेल. इंजिनिअरला हा आकडा फार आवडला म्हणून तो सगळीकडे सारखा आला, असं नाही.

रेघ ओलांडली तर किती भुर्दंड पडतो, ते आजच्या दरानं बघू. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाडीवर जीएसटी १८ टक्के आहे, बाकीच्या पेट्रोल-डिझेल गाड्यांवर ४० टक्के. समजा कराआधी गाडीची किंमत ७ लाख आहे. ती ३९९५ मिलिमीटर असेल तर कर १ लाख २६ हजार. तीच गाडी ४१०० ची केली की कर २ लाख ८० हजार. दहा सेंटिमीटर पत्र्यासाठी १ लाख ५४ हजार रुपये. त्यावर महाराष्ट्रात पुन्हा आरटीओचा एकरकमी कर लागतो आणि तो गाडीच्या किमतीच्या टक्क्यांत असतो, म्हणजे करावर कर. गिऱ्हाइकाला ती दहा सेंटिमीटर हवी असली तरी त्यासाठी दीड लाख कोण मोजेल? कंपनीला हे ठाऊक असतं, म्हणून डिझायनरच्या हातात कागद पडण्याआधीच लांबी ठरलेली असते.

आता गंमतीचा नव्हे, गांभीर्यानं घेण्याचा मुद्दा. या व्याख्येत लांबी आहे, इंजिन आहे, पण उंची नाही. परिणाम एवढाच, लांबीला बांध घातल्यावर गाडी वरच्या दिशेनं वाढली. चार मीटरच्या आतलीच हॅचबॅक, पण जमिनीपासून उंच, बॉनेट उभट, चाकं मोठी, छतावर रेल. हीच आपली कॉम्पॅक्ट एसयूव्ही. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हाही एसयूव्हीसाठीचा जादा उपकर चार मीटरच्या वरच्या गाड्यांनाच होता. त्यामुळे दिसायला एसयूव्ही आणि करापुरती लहान गाडी, असा दोन्हीकडचा लाभ या गाड्यांना मिळाला. २०१६ ची ब्रेझा, २०१७ ची नेक्सॉन, २०१९ ची व्हेन्यू, २०२० ची सॉनेट, सगळ्या याच वाटेनं आल्या. ‘लोकांना एसयूव्हीचं वेड लागलं’ हे म्हणणं म्हणूनच अर्धवट वाटतं. खड्ड्यांच्या रस्त्यावर उंच गाडी सोयीची पडते हे खरं, पण त्याच कराच्या रकमेत ती मिळाली नसती तर एवढी पसरली नसती.

आकडे बघितले की बदल किती मोठा आहे ते कळतं. २०२४-२५ मध्ये देशात सुमारे ४३ लाख प्रवासी गाड्या विकल्या गेल्या. त्यातल्या जवळजवळ २८ लाख एसयूव्ही आणि एमपीव्ही (जास्त सीटांच्या कुटुंबाच्या गाड्या) प्रकारातल्या होत्या. हॅचबॅक आणि सेडान मिळून साडेतेरा लाखांच्या आसपासच. २०२४ या वर्षात सर्वाधिक विकली गेलेली गाडी टाटा पंच होती. चाळीसेक वर्षांत पहिल्यांदाच तो मान मारुतीबाहेर गेला.

करानं आकार ठरवला, तसं इंजिन ठरवलं ते पंपावरच्या दरानं. जून २०१० मध्ये सरकारनं पेट्रोलचे दर मोकळे केले, डिझेलचे मात्र धरून ठेवले. दोन्हींत दरी पडत गेली. मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल ७३ रुपयांच्या वर होतं आणि डिझेल ४१ रुपयांच्या आत. लिटरमागे ३२ रुपयांचा फरक! गिऱ्हाईक साहजिकच डिझेलकडे वळलं. रोज पंधरा किलोमीटर चालवणारेही डिझेल गाडीसाठी महिनोन्‌महिने थांबत होते. एका टप्प्यावर विकल्या जाणाऱ्या निम्म्याहून जास्त गाड्या डिझेलच्या होत्या.

यात पुणे जिल्ह्याचा मोठा वाटा होता. फियाटचं १.३ लिटरचं मल्टिजेट इंजिन रांजणगावच्या कारखान्यात बनायचं. ते फियाटच्या गाड्यांत असायचं, टाटांच्या असायचं, आणि मारुती परवान्यावर तेच इंजिन स्वतः बनवायची. २०१२ मध्ये मागणी एवढी वाढली की स्वतःचं उत्पादन पुरेना, म्हणून मारुतीनं रांजणगावहून वर्षाला एक लाख इंजिनं घ्यायचा करार केला. एकमेकांचे कट्टर स्पर्धक, पण बॉनेटखाली तेच १२४८ सीसीचं इंजिन. लोक त्याला ‘राष्ट्रीय इंजिन’च म्हणायचे.

मग ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दरही मोकळे झाले आणि फरक झपाट्यानं कमी झाला. पाठोपाठ धुराचे नियम आले. एप्रिल २०२० पासून बीएस-४ वरून थेट बीएस-६. डिझेलच्या धुरातली काजळी आणि नायट्रोजनचे ऑक्साइड कमी करायला महागडे फिल्टर आणि इतर उपकरणं लागतात. ती २५ लाखांच्या गाडीला बसवली तर फार जाणवत नाहीत, ८ लाखांच्या गाडीला बसवली तर सगळं गणितच कोसळतं. एप्रिल २०१९ मध्ये मारुतीचे अध्यक्ष आर. सी. भार्गव यांनी जाहीर केलं की १ एप्रिल २०२० पासून कंपनी डिझेल गाड्या विकणार नाही.

या निर्णयावर तेव्हा खूप टीका झाली. माझ्या मते लहान डिझेलबाबत मारुतीचं बरोबर होतं, तिनं फक्त आकडेमोड नीट केली. चूक झाली ती दुसरीकडे. मोठ्या एसयूव्हीमध्ये डिझेलला मागणी टिकून होती, ती ह्युंदाई, किआ, महिंद्रा आणि टाटांनी घेतली. मारुतीकडे त्या वर्गात चांगली गाडीच बराच काळ नव्हती. २०१८-१९ मध्ये बाजारातला तिचा वाटा ५१ टक्क्यांच्या आसपास होता, २०२४-२५ मध्ये तो ४१ च्या घरात आला. डिझेलची जागा भरायला तिनं सीएनजीवर जोर दिला आणि तो निर्णय मात्र चांगलाच फळला. आज मारुतीच्या साधारण तीन गाड्यांतली एक सीएनजीची असते.

आता कंपन्या देश सोडून का जातात, ते. मला हा भाग सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना बंद पडलेला मी येता-जाता बघितला आहे.

भोसरीतल्या माझ्या एका मित्राचं छोटं प्रेस शॉप आहे. पत्र्याचे ब्रॅकेट बनवतो. त्याच्या शेडमध्ये गेलं की भिंतीला लागून एकावर एक डाय रचलेल्या दिसतात, प्रत्येकीवर पिवळ्या रंगानं पार्ट नंबर. डाय म्हणजे लोखंडी साचा. दोन भागांमध्ये पत्रा ठेवायचा, वरून प्रेसचा दणका, की ब्रॅकेट तयार. समजा एका डायला १२ लाख खर्च आला. त्यावर दोन लाख नग निघाले तर नगामागे डायचा खर्च ६ रुपये. वीस हजारच निघाले तर ६० रुपये. डाय तीच, माणूस तोच, पत्रा तोच. ब्रॅकेट महाग पडला तो केवळ नग कमी निघाले म्हणून. आणि त्या मॉडेलची ऑर्डर थांबली की ती डाय दुसऱ्या कुठल्याही गाडीला चालत नाही. भंगाराच्या भावानं जाते.

हेच गणित हजारपट मोठं केलं की मोटारीचा कारखाना होतो. प्रेस, रोबो, पेंट शॉप, इमारत, कायम कामगार यांचा खर्च गाड्या किती निघतात यावर फारसा अवलंबून नसतो. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना २००८ मध्ये सुरू झाला. त्याची क्षमता वर्षाला सव्वा लाख गाड्यांच्या वर होती. गुजरातमध्ये हालोलला दुसरा कारखाना होता. आणि २०१६-१७ मध्ये कंपनीच्या शेव्हरोले गाड्यांची भारतातली विक्री किती झाली? २६ हजारांहूनही कमी. निर्यात ७० हजारांच्या आसपास होती, म्हणून तळेगाव निदान चालू तरी होतं.

याच कंपनीनं २०१५ मध्ये भारतात १ अब्ज डॉलर गुंतवून पाच वर्षांत दहा मॉडेल्स आणायची घोषणा केली होती. दोनच वर्षांत, मे २०१७ मध्ये, तिनं भारतातली विक्री थांबवत असल्याचं सांगितलं. लोक म्हणाले, शब्द फिरवला. पण निर्णय कसा झाला ते बघण्यासारखं आहे. त्याच वर्षी जनरल मोटर्सनं युरोपातली ओपेल विकली, दक्षिण आफ्रिकेतूनही बाहेर पडली. डेट्रॉइटमध्ये बसलेल्या संचालकांपुढे प्रश्न ‘भारतात नफा होईल का’ एवढाच नव्हता. तेच अब्ज डॉलर अमेरिकेतल्या पिकअप ट्रकमध्ये किंवा विजेच्या गाड्यांमध्ये घातले तर जास्त परतावा मिळेल का, हा प्रश्न होता. भारतात गाडी लहान, किंमत कमी, गाडीमागे सुटणारे पैसेही कमी. इथे टिकायचं तर लाखांनी गाड्या विकाव्या लागतात, नाहीतर ब्रॅकेटसारखी प्रत्येक गाडी महाग पडते. फोर्डचंही तेच झालं. दहा वर्षांत २ अब्ज डॉलरहून जास्त तोटा सोसून सप्टेंबर २०२१ मध्ये तिनं इथलं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं. तिचा साणंदचा कारखाना पुढे टाटांनी घेतला.

हिशेब म्हणून मला हे सगळं पटतं. पण त्या हिशेबात तळेगावचे कामगार कुठेच येत नाहीत, आणि ते मला पटत नाही. तिथून शेवटची निर्यातीची गाडी डिसेंबर २०२० मध्ये निघाली, ऐन कोविडच्या काळात. हजाराहून जास्त कामगार पुढची काही वर्षं नुकसानभरपाई आणि नोकरीसाठी भांडत राहिले. चीनच्या ग्रेट वॉल मोटर्सनं कारखाना घ्यायचं ठरवलं होतं, पण सीमेवरच्या तणावाच्या काळात परवानगी अडकली आणि २०२२ मध्ये व्यवहार मोडला. नंतर ह्युंदाई आली. जानेवारी २०२४ मध्ये ताबा घेतला, २०२५ मध्ये उत्पादन सुरू केलं. नवी व्हेन्यू आता तळेगावातून निघते. म्हणजे पेंट शॉप आणि प्रेस लाइन असलेला तयार कारखाना जवळजवळ पाच वर्षं नुसता उभा होता, आणि गावात कर्जाचे हप्ते भरणारी घरं होती. कारखाना येताना सरकार जमीन देतं, सवलती देतं. जाताना काय द्यायचं, हे करारात तितक्याच ठळकपणे लिहिलेलं असायला हवं.

आता ज्या वादावर सगळ्यांत जास्त मतं पडतात, तो वाद. लहान गाडी मेली की मारली?

भार्गव यांचं म्हणणं ते अनेक वर्षं मांडत आहेत. एअरबॅग, एबीएस (जोरात ब्रेक लावल्यावर चाकं अडकू न देणारी यंत्रणा), बीएस-६ अशा नियमांमुळे लहान गाडीची किंमत वाढली, आणि दुचाकीवरून चारचाकीकडे येणारा माणूस तिथेच अडला. देशातल्या साधारण १२ टक्के कुटुंबांचंच उत्पन्न गाडी घेण्याजोगं आहे, असंही ते म्हणतात. एबीएस २०१९ पासून सक्तीचं झालं, चालकाची एअरबॅग त्याच वर्षी, शेजारच्या प्रवाशाची २०२२ पासून सगळ्या गाड्यांना. ३ लाखांच्या गाडीवर या सगळ्याचा बोजा १२ लाखांच्या गाडीपेक्षा जास्त जाणवतो, हे निर्विवाद.

तरी सुरक्षेवर खापर फोडणं मला मान्य नाही. एक तर, स्वस्त गाडीतल्या माणसाचा जीव स्वस्त नसतो. दुसरं, कंपन्यांनीही लहान गाडीकडे पाठ फिरवली आहे. २०२१ मध्ये चिपचा तुटवडा पडला तेव्हा हाताशी असलेल्या थोड्या चिप कुठल्या गाडीत घालायच्या, असा प्रश्न आला. जिच्यात जास्त पैसे सुटतात तिच्यात, हे उत्तर जगभरातल्या कंपन्यांनी दिलं. नवी मॉडेल्स, जाहिराती, सगळं एसयूव्हीकडे गेलं आणि हॅचबॅकमध्ये जुनीच गाडी रंग बदलून विकली गेली. तिसरं, नॅनोनं एक गोष्ट शिकवली. २००८ मध्ये १ लाखाची गाडी म्हणून ती जाहीर झाली, पण ‘सर्वांत स्वस्त’ हा शिक्काच तिला भोवला. रतन टाटांनी पुढे स्वतः तशी कबुली दिली होती. गरजू माणसालाही गाडी घेताना आपली ऐपत जगजाहीर करायची नसते.

कर कमी केला तर लहान गाडी विकली जाते का, हे २०२५ मध्ये प्रत्यक्ष बघायला मिळालं. २९ टक्क्यांवरून कर १८ वर आला. एस-प्रेसोची सुरुवातीची किंमत साडेतीन लाखांच्या आत आली, ऑल्टो चार लाखांच्या आत. ऑल्टोत तर तोवर सहा एअरबॅग आल्या होत्या. दसरा-दिवाळीत शोरूममध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. म्हणजे एअरबॅग काढाव्या लागल्या नाहीत, कर कमी करावा लागला. माझ्यापुरता या वादाचा निकाल तिथेच लागला.

एवढ्यात नवी रेघ ओढायची तयारीही झाली. २०२७ पासूनच्या इंधन कार्यक्षमतेच्या नियमांचा जो मसुदा सप्टेंबर २०२५ मध्ये आला, त्यात ९०९ किलोपर्यंतच्या लहान पेट्रोल गाड्यांना थोडी सूट सुचवली होती. मारुतीला ती हवी होती, टाटा आणि महिंद्रांचा विरोध होता, कारण एवढ्या हलक्या गाड्या मुख्यतः मारुतीकडेच आहेत. लहान गाडीला मदत व्हावी असं मलाही वाटतं. पण ठराविक आकड्यावर सूट तुटते तेव्हा काय होतं, ते आपण डिझायरच्या डिकीत बघितलं आहे. रेघेऐवजी उतार ठेवावा. गाडी जितकी हलकी, जितकी कमी धूर सोडणारी, तितका कर थोडाथोडा कमी. मग डिकी कापायची गरजच पडणार नाही.

माझा मावसभाऊ चाकणला एका पुरवठादार कंपनीत क्वालिटीला आहे. दिवसभर एसयूव्हीच्या दरवाजांचे भाग तपासतो. तळेगाव-चाकण रस्त्यावर पावसाळ्यात ट्रकच्या चाकांतून उडणारं पाणी अंगावर घेत, बायको आणि दोन मुलांना मोटारसायकलवर घेऊन त्यानं सात वर्षं काढली. गेल्या वर्षी दिवाळीआधीच, कर कमी होण्यापूर्वी, त्यानं गाडी घेतली. नवी परवडली नाही. २०१४ सालची हॅचबॅक, तिसरा मालक, दोन लाखांच्या आत. परवा त्याचा फोन आला होता. ‘दादा, हिच्यात एअरबॅग नाहीत. बाहेरून बसवून मिळतात का रे?’

मिळत नाहीत. एअरबॅग म्हणजे नुसती पिशवी नसते. सेन्सर, वायरिंग, स्टिअरिंग आणि गाडीचा सांगाडा, सगळं एकत्र जुळवून कारखान्यातच बसवावं लागतं. मी त्याला मागच्या सीटचे पट्टे तपासून घ्यायला सांगितले. एक पट्टा सीटखाली अडकून पडला होता, तो त्यानं त्याच संध्याकाळी मोकळा करून घेतला.